रिकामी कांडी परत कोण करणार?

मागाच्या कारखान्यात दोन माणसांना बोलायचं असेल तर एकानं दुसऱ्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमध्ये माझं लहानपण त्या खडखडाटात गेलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे माग आसपासच्या गावांतही पसरले. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार अशी घरं आमच्या गल्लीत होती. आई कांडी मशीनवर कामाला जायची. कोनावरचं सूत कांडीवर भरायचं, भरलेल्या कांड्या पेटीत रचायच्या, पेटी मागांकडे पाठवायची. तिकडे कामगार कांडी धोट्यात बसवणार, धोटा ताण्याच्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे धावणार आणि थोड्या मिनिटांत कांडी रिकामी. ती काढायची, दुसरी बसवायची.

आईचं काम सुतावाचून अडलेलं मला आठवत नाही. ते अडायचं रिकाम्या कांड्यांवाचून. मागाखाली, खिडकीत, कुणाच्या जेवणाच्या डब्याशेजारी कांड्या पडून राहायच्या आणि इकडे मशीन थांबायचं. मग ती मला पिटाळायची, "जा रं, मोकळ्या कांड्या गोळा करून आण. सूत हाय, पर गुंडाळू कशावर?"

गोळा करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. काही कांड्यांवर थोडं सूत उरलेलं असायचं. ती कांडी कुणी नंतर लावायला मुद्दाम बाजूला ठेवली आहे की विसरून गेला आहे, हे कांडीकडे बघून कळत नसे. एकदा अशीच एक उचलली आणि बोलणी खाल्ली. तेव्हापासून मी आधी विचारायचो, "काका, ही संपली का?"

पुढे प्रोग्रामिंग शिकताना माझा पहिला मोठा प्रोग्राम मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडला, तेव्हा मला त्या कांड्याच आठवल्या. मेमरी कमी नव्हती. घेतलेली परत गेली नव्हती. आणि ती परत घेण्याआधी "ही संपली का?" या प्रश्नाचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. प्रोग्रामिंगच्या भाषा एकमेकींपासून वेगळ्या होतात त्यामागचं एक मोठं कारण हा एक प्रश्न आहे, असं मला वाटतं.

प्रोग्राम चालतो तेव्हा त्याला दोन प्रकारे मेमरी मिळते. एक प्रकार शिस्तीचा. एखादं छोटं काम सुरू झालं की त्याला लागणारी जागा वर रचली जाते आणि काम संपलं की आपोआप उतरवली जाते, ताटांच्या चळतीसारखी. तिला स्टॅक म्हणतात आणि तिथे भानगड फारशी नसते. दुसऱ्या जागेचं नाव हीप. एखादी यादी किती लांब होईल, एखादा फोटो किती मोठा असेल, तो किती वेळ लागेल हे आधी ठाऊक नसतं. अशा गोष्टींसाठी लागेल तेव्हा हीपमधून तुकडा मागून घ्यायचा. मागणं सोपं असतं. सगळी गुंतागुंत परतफेडीत आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये सी ही भाषा घडवली. तिच्यात परतफेडीची जबाबदारी सरळ प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आहे. मॅलॉक म्हणून जागा मागायची, फ्री म्हणून परत करायची. लिहिणारा काळजीवाला असेल तर यापेक्षा वेगवान आणि काटकसरी पद्धत मिळणं कठीण. पण फ्री लिहायचं राहून गेलं तर? एका वेळी गळणारी जागा इतकी छोटी असते की चाचणीत दिसतही नाही.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संगणकावर चालणारी नवी यंत्रणा सुरू केली. कोणत्या पत्त्यावर कोणती गाडी पाठवायची हे ती ठरवणार होती. पहिल्याच दोन दिवसांत तिचा बोजवारा उडाला आणि तिचं बरंचसं काम पुन्हा माणसांकडे द्यावं लागलं. उरलेली यंत्रणा ४ नोव्हेंबरच्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, बंद पडली. चौकशीत कारण निघालं ते असं: प्रत्येक वेळी गाडी रवाना करण्याचा तपशील तयार झाला की मुख्य संगणकाची थोडीशी मेमरी वापरली जात होती आणि ती परत केली जात नव्हती. साधारण तीन आठवड्यांपूर्वी घातलेल्या काही ओळींमधली ही चूक थेंबथेंब गळत राहिली आणि त्या पहाटे जागा संपली. कर्मचाऱ्यांनी कागद आणि दूरध्वनी हाती घेतले. रुग्णवाहिकेची वाट बघत असलेल्या माणसाच्या बाजूनं विचार केला की 'मेमरी लीक' हा शब्द तांत्रिक उरत नाही.

विसरण्याच्या उलट चूक आणखी वाईट आहे: संपलेली नसताना परत करणं. आमच्याकडे परगावाहून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. समजा एकानं खोली सोडली, पण एक किल्ली त्याच्याकडेच राहिली. मालकानं खोली दुसऱ्याला दिली. पहिला काही दिवसांनी सवयीनं आला, कुलूप उघडून आत गेला आणि दुसऱ्याचं सामान आपलं समजून हलवू लागला. प्रोग्राममध्ये नेमकं असंच घडतं. जागा परत झाली, दुसऱ्या कामाला दिली गेली, पण तिचा जुना पत्ता कुठल्या तरी कोपऱ्यात जपलेला आहे. चोराला अशी जुनी किल्ली हवीच असते. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ साली सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरी चुकीच्या पद्धतीनं हाताळल्यामुळे असतात. क्रोम ब्राउझरच्या गंभीर त्रुटींबद्दल गूगलनंही पुढच्या वर्षी जवळपास तोच आकडा दिला. त्यात इतर चुकाही येतात, पण या जुन्या किल्लीचा वाटा त्यात मोठा आहे.

मग हे काम माणसाकडून काढून घेता येईल का? हा विचार सी जन्मण्याच्या आधीचा आहे, आणि तो आला एका गणितातून. १९५८च्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी विकलनाची उदाहरणं संगणकाकडून सोडवून घेण्याच्या खटपटीत होते. विकलनाचे नियम कागदावर चार ओळींत बसतात. पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मधल्या प्रत्येक पायरीला वापरलेली जागा पुसण्याची सूचना लिहायची म्हटली की त्या चार ओळींचं सौंदर्य नासत होतं. मॅकार्थींना ते खपेना. त्यांनी पुसण्याच्या सूचनाच सोडून दिल्या. जागा घेत राहायची, टाकत राहायची आणि सगळी संपली की प्रोग्राम थांबवून टाकलेली जागा एकदम गोळा करायची. लिस्प या भाषेबद्दलचा त्यांचा लेख एप्रिल १९६० मध्ये छापून आला आणि त्यात ही रीत सांगितलेली आहे. आयबीएम ७०४ या त्यांच्या संगणकाला जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची मेमरी लावता येई, प्रत्येक शब्द ३६ बिटांचा. म्हणजे सुमारे दीड लाख बाइट. आज कबनूर चौकात कुणाच्याही खिशात सापडेल अशा आठ जीबीच्या मोबाइलमध्ये त्याच्या ५८ हजार पट मेमरी असते.

गोळा करण्याची रीत आईनं मला पाठवलं त्याच्याशी फार जुळते. प्रोग्रामच्या हातात त्या क्षणी जी नावं आहेत तिथून निघायचं. नाव ज्या वस्तूकडे बोट दाखवतं तिथे जायचं, तिच्यावर खूण करायची. ती वस्तू आणखी ज्यांच्याकडे बोट दाखवते तिथेही जायचं, खूण करायची. वाटा संपेपर्यंत असं चालायचं. मग सगळी मेमरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून काढायची आणि जिच्यावर खूण नाही ती मोकळी समजायची. या प्रकाराला नाव पडलं गार्बेज कलेक्शन, कचरा गोळा करणं. पण नीट बघा, हा गोळा करणारा कचरा शोधतच नाही. तो कामाच्या वस्तू शोधतो. ज्या वस्तूपर्यंत कुठल्याच वाटेनं पोहोचता येत नाही तिला प्रोग्राम पुन्हा हात लावूच शकत नाही, म्हणून ती बिनधोक उचलता येते. कुणाला विचारावं लागत नाही.

पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकाची हकिगत खुद्द मॅकार्थींनी लिहून ठेवली आहे. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्प चालवून दाखवत असताना ऐन वेळी मेमरी संपली. कचरा गोळा करणारा भाग जागा झाला आणि सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या टंकयंत्रावर आपल्याला बोलावणं आल्याचं सांगून तपशीलवार आकडेवारी टंकू लागला. प्रात्यक्षिकाचा वेळ त्यातच गेला. कुणीतरी प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांची थट्टा केली असावी असं काही प्रेक्षकांना वाटलं, असं मॅकार्थींना वाटतं. त्या काळी एका सफाईला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ प्रोग्राम गप्प उभा राही.

त्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सुचवली. प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवायचा: सध्या मला किती जण धरून आहेत? कुणी धरलं की एक वाढवायचा, सोडलं की एक कमी करायचा, शून्य झाला की जागा ताबडतोब परत. मॅकार्थींनीही हा पर्याय मनात तपासला होता, पण आयबीएम ७०४च्या शब्दात सहाच बिट उरत होते आणि तेही एकसलग नव्हते, म्हणून त्यांनी तो सोडला. आजची पायथॉन याच मोजणीवर चालते आणि आयफोनसाठी लिहिणाऱ्यांना अ‍ॅपलनं २०११ पासून हीच सोय करून दिली. या वाटेतला खड्डा मॅकबेथ यांनी १९६३ सालीच दाखवला. दोन कर्जदार एकमेकांना जामीन राहिले आहेत आणि दोघांनीही गाव सोडलं आहे, अशी कल्पना करा. पतसंस्थेच्या वहीत दोघांच्याही नावापुढे जामीनदार आहे. प्रत्यक्षात कुणीच नाही. दोन वस्तू एकमेकींना धरून असतील तर दोघींचा आकडा एकवरच अडतो आणि त्या कायमच्या पडून राहतात. पायथॉननं २००० साली, दोन पूर्णांक शून्य या आवृत्तीत, असे वेढे हुडकणारा वेगळा सफाईवाला नेमला.

सफाईसाठी प्रोग्राम थांबतो, ही मॅकार्थींच्या पद्धतीवरची मुख्य तक्रार होती आणि तिच्यावर पुढची कित्येक वर्षं मेहनत झाली. बहुतेक वस्तू जन्मल्यावर लगेच निरुपयोगी होतात, थोड्याच दीर्घकाळ टिकतात, हे निरीक्षण धरून डेव्हिड अंगर यांनी १९८४ साली नव्या वस्तूंची जागा वेगळी ठेवली. तिथे वारंवार फिरायचं, जुन्यांकडे क्वचित. कारखान्यात चहाचे कागदी कप रोज उचलावे लागतात, मागाचे सुटे भाग वर्षातून एकदा बघितले तरी चालतात, तसं हे. डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रोग्राम चालू असतानाच सफाई कशी करावी हे मांडलं होतं, आणि आज जावामध्ये असा एक सफाईवाला आहे की त्याच्यासाठी प्रोग्रामला एक मिलिसेकंदही थांबावं लागत नाही. रस्ट या भाषेनं सफाईवालाच नको म्हटलं. २०१५ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक वस्तूचा मालक एकच असतो, मालकाचं काम संपलं की वस्तू परत जाते, बाकीच्यांनी ती उसनी घ्यायची. आणि उसनवारीचे नियम पाळले आहेत की नाहीत हे प्रोग्राम चालण्याआधीच, त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तपासतो. शिकताना ती जाच करते, पण जुन्या किल्लीचा प्रश्न तिनं मुळापासून सोडवला, हे मान्य करावंच लागेल.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिथे येतो.

यंत्रमागाला आपोआप कांडी बदलण्याची सोय जेम्स नॉर्थरॉप यांच्या मागानं १८९४ साली आणली. अशा मागांवर पुढे एक फीलर बसवू लागले. तो धोट्यातली कांडी चाचपतो आणि सूत संपत आलं की नवी कांडी बसवायला लावतो. फीलर उरलेलं सूत मोजतो. कचरा गोळा करणाऱ्या प्रोग्रामला असा फीलर नाही. तो एवढंच पाहतो की वस्तूपर्यंत पोहोचता येतं का. ती पुन्हा लागणार आहे का, हे त्याला माहीत नसतं. माझ्या लहानपणीची ती अर्धवट सुताची कांडी इथे पुन्हा समोर येते.

समजा एका सूत व्यापाऱ्याच्या प्रोग्रामनं वर्षभराच्या सगळ्या पावत्या मेमरीत घेतल्या, बेरीज केली, आणि पुढे दोन तास नुसता अहवाल छापत बसला. पावत्यांच्या यादीचं नाव अजून प्रोग्रामच्या हातात आहे. यादीपर्यंत पोहोचता येतं. म्हणून जगातला उत्तमोत्तम सफाईवालाही तिला हात लावणार नाही, आणि जिचं काम कधीच झालं ती यादी दोन तास जागा अडवून राहील.

या दुखण्यावर मुंबईत, पवईच्या आयआयटीत काम झालं. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा शोधनिबंध नोव्हेंबर २००७ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या, प्रोग्रामिंग भाषांना वाहिलेल्या नियतकालिकात आला. त्यांचं म्हणणं असं की सफाईवाल्याला जे दिसत नाही ते कंपायलरला दिसू शकतं, कारण त्याच्यापुढे अख्खा प्रोग्राम उघडा असतो. कंपायलरनं प्रोग्राम शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत यावं. प्रत्येक ओळीपाशी नोंद करावी, की इथून पुढे कोणत्या वाटेनं कोणत्या वस्तूला हात लागणार आहे. ज्या ओळीनंतर एखादी वाट पुन्हा चालली जाणारच नाही तिथे ती वाट तोडणारी सूचना स्वतःच घालावी. म्हणजे त्या नावाला 'काहीच नाही' अशी किंमत द्यावी. सफाईवाला तोच राहतो. फक्त आता त्या यादीपर्यंत त्याला वाट सापडत नाही, आणि ती उचलली जाते.

साध्या नावांसाठी असं उलटं वाचन कंपायलर फार पूर्वीपासून करत आले आहेत. हीपमध्ये अडचण वेगळी. पहिल्या पावतीची पुढची, तिच्या पुढची, तिच्याही पुढची, अशा वाटांना अंत नसतो. यादी दहाची असेल की दहा लाखांची हे प्रोग्राम वाचून कळत नाही. या तिघांनी त्या अनंत वाटांची घडी घालून त्या मर्यादित आलेखात बसवल्या. प्रोग्राममधल्या एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा होणारं 'पुढची' हे पाऊल आलेखात एकच बिंदू होतं आणि स्वतःकडेच वळतं. त्यांनी त्याला अ‍ॅक्सेस ग्राफ म्हटलं. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. यादी कितीही लांब असो, तिच्या उपयोगाचं चित्र एका पानावर मावतं.

वाट तोडतानाही जपावं लागतं. त्याच वस्तूला दुसऱ्या नावानं कुणी धरून असेल आणि पुढे त्या नावानं ती लागणार असेल, तर तोडलेली वाट त्याच्या मध्ये येता कामा नये. शिवाय तोडण्याची सूचना स्वतःच एखाद्या नसलेल्या वस्तूत हात घालून प्रोग्राम पाडणार नाही, हेही बघावं लागतं. निबंधात या दोन्ही गोष्टींसाठी वेगळी तपासणी आहे. सन्याल आणि करकरे यांनी राहुल असाटी आणि केंब्रिजचे अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्याबरोबर २०१४ साली पुढचं पाऊल टाकलं. तिथे कंपायलरनं काढलेली माहिती थेट सफाईवाल्याच्याच हाती दिली आहे, आणि तो लागणाऱ्या वाटांवरूनच चालतो. ते त्यांनी लिस्पच्या घराण्यातल्या स्कीमसारख्या भाषेवर करून दाखवलं.

एखादी वस्तू पुढे लागेल की नाही याचं अचूक उत्तर कुठल्याच कंपायलरला प्रत्येक प्रोग्रामसाठी देता येणार नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केलेल्या मर्यादेतूनच ते निघतं. प्रोग्राम थांबेल की नाही हेच सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही, तर पुढे तो कशाला हात लावेल हे कुठून सांगणार? म्हणून या सगळ्या पद्धती एकच सावध नियम पाळतात: शंका आली की ठेवायचं. त्यामुळे थोडी जागा वाया जाते, पण कामाची वस्तू हातची जात नाही. पवईच्या कामानं शंकेचा तो पट्टा अरुंद केला.

इचलकरंजीच्या महाविद्यालयांत, कबनूरच्या घराघरांत आज मुलं जावा आणि पायथॉन शिकत आहेत, आणि मेमरीचं बघायला भाषा आहे असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर आज रात्री तुमचा एखादा प्रोग्राम उघडा. त्यातली सर्वांत मोठी यादी शोधा, आणि ती शेवटची कुठल्या ओळीत वापरली आहे ती ओळ शोधा. त्यानंतर प्रोग्राम बराच वेळ चालत असेल, तर त्या ओळीखाली तिचं नाव मोकळं करा आणि आधीची व नंतरची मेमरी मोजून पाहा.